विमलताईंची तीन मिनिटं

“मॅडम, तुम्ही हरवला आहात का?”

पोलिसाने गाडी माझ्या अगदी शेजारी आणली, काच खाली केली आणि मोठ्या अदबीने विचारलं.

“नाही,” मी म्हटलं, “मी चालते आहे.”

“तुमची गाडी बंद पडली?”

“मला गाडीच नाही.”

या उत्तराचं काय करायचं हे त्याला शिकवलेलं नसावं. तो खाली उतरला. सुती साडी, तिच्यावर माझ्या मुलाचं जुनं जाकीट, डोक्याला कानटोपी आणि पायात बूट, असा माझा अवतार त्याने वरपासून खालपर्यंत न्याहाळला. पोरगा माझ्या नातवाएवढा असेल. म्हणाला, दोन-तीन लोकांनी फोन करून कळवलं, की रस्त्याच्या कडेने एक बाई चालते आहे. साताऱ्यात दिवसाढवळ्या घरं फुटली तरी लोक इतक्या तत्परतेने पोलिसांना कळवत नसत.

“मी मैत्रिणीकडे निघाले आहे,” मी सांगितलं. “ती सकाळपासून फोन उचलत नाही. मला तिथे पोचव, फार उपकार होतील.”

“पत्ता सांगा.”

इथे माझी पंचाईत झाली. विमलताईंच्या घरी मी कितीतरी वेळा गेले होते, पण दर वेळी मुलाच्या गाडीतून, मागच्या सीटवर बसून. सामानाला काही पत्ता विचारत नाहीत. ते घर तिसऱ्या सिग्नलच्या पुढे कुठेतरी होतं आणि त्याच्या दारात निळी पत्रपेटी होती, एवढंच मला ठाऊक. निळ्या पत्रपेट्या तिथे शेकड्यांनी असतील. माझा स्वतःचा पत्ता मात्र जाकिटाच्या खिशात कार्डावर लिहिलेला होता; मुलानेच ठेवला होता, लहान पोराच्या दप्तरात ठेवतात तसा. पोलिसाने तो वाचला, मला मागच्या सीटवर बसवलं, पट्टा लावून दिला आणि घरी आणून सोडलं.

याला आता बारा वर्षं झाली. मंदार, माझा मुलगा, अमेरिकेच्या मधल्या भागातल्या एका शहराच्या कडेला राहत होता. त्याच्या वसाहतीचं नाव फॉक्स हॉलो. तिथे ना कोल्हा होता, ना दरी. एकसारखी घरं, एकसारखं गवत आणि प्रत्येक दारात दोन-दोन गाड्या. वसाहतीच्या तोंडाशी सहा पदरी रस्ता. त्याला फूटपाथ नाही, कारण चालणारं कोणी नाही. आणि चालणारं कोणी नाही, कारण फूटपाथ नाही. दूध संपलं तरी गाडी, पोस्टाचं तिकीट हवं तरी गाडी. एवढंच काय, व्यायामशाळेत जाऊन यंत्राच्या पट्ट्यावर चालायलासुद्धा माझा मुलगा आणि सून गाडीने जात.

आणि मी कोण? साताऱ्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये सुपरवायझर होऊन निवृत्त झालेली बाई. रात्रपाळ्या केल्या, लूनावरून आले-गेले, नवरा गेल्यावर एकटीने घर चालवलं. ती मी फॉक्स हॉलोत आले आणि कोथिंबिरीच्या जुडीसाठी शनिवारची वाट बघू लागले.

तिथे माझं जिवाभावाचं माणूस एकच, विमलताई वैरागडे. मूळच्या नागपूरच्या. महाराष्ट्र मंडळाच्या हळदीकुंकवात ओळख झाली. त्यांचा मुलगा प्रशांत दोन मैलांवर राहायचा. त्या वर्षी त्यांचा गुडघा बदलला होता आणि दिवसभर त्या घरात एकट्या असत. आम्ही रोज सकाळी फोनवर बोलायचो, कारण भेटायचं तर दोघींच्या मुलांची सवड एकाच दिवशी जुळायला हवी, आणि तसा योग महिना-महिना येत नसे. दोन मैल म्हणजे साताऱ्यात राजवाड्यापर्यंत सहज फिरत जावं एवढं अंतर. तिथे मात्र मधे सहा पदरी समुद्र होता.

त्या दिवशी घरी आल्यावर मी फोन लावतच राहिले. दुपार टळल्यावर विमलताईंनी उचलला. म्हणाल्या, “काही नाही हो, डोळा लागला होता.” माझा जीव भांड्यात पडला आणि मी त्यांना पोलिसाची सगळी गंमत सांगितली.

संध्याकाळी मंदार घरी आला तो बूट न काढताच आत शिरला. शेजारच्यांनी त्याला ऑफिसात फोटो पाठवला होता, पोलिसांच्या गाडीतून उतरणाऱ्या त्याच्या आईचा.

“आई, कुणी कुणी पाहिलं?”

पहिला प्रश्न हाच. कुठे निघाली होतीस, का निघाली होतीस, हे नाही. मीही मग काही सांगितलं नाही. खिचडी गरम करून वाढली.

* * *

पंधरा दिवसांनी वसाहतीत नवा विषय आला. गावच्या नगरसभेने त्या सहा पदरी रस्त्यावरून बस काढायचं ठरवलं होतं. लायब्ररी, इस्पितळ, भारतीय वाणसामानाचं दुकान, आणि वाटेत दोन्ही वसाहती. मला कळलं तेव्हा मी देवापुढे साखर ठेवली. मंदारने मात्र त्याच रात्री ‘फॉक्स हॉलो बचाव समिती’ काढली. अध्यक्ष मंदार खटावकर, सचिव प्रशांत वैरागडे.

“बसमध्ये वाईट काय आहे रे?” मी विचारलं.

“आई, तुला इथलं कळत नाही. बस आली की बाहेरचे लोक येतात.”

“आपण कुठून आलो?”

“तसं नाही गं. म्हणजे... ज्यांच्याकडे गाडी नसते, तसे लोक.”

“माझ्यासारखे.”

“तू वेगळी,” मंदार म्हणाला. “तुला आम्ही नेतो की.”

हाच मंदार दरवर्षी युरोपात जाऊन रेल्वेपुढे उभा राहून फोटो काढायचा आणि मंडळाच्या पिकनिकला तासभर सांगायचा, की स्वित्झर्लंडमध्ये गाडी कशी मिनिटावर येते आणि लोक किती सुसंस्कृत. परक्याच्या दारातली बस सुसंस्कृत, आपल्या दारात आली की तीच बस भिकारडी. पण याच्याशी वाद घालणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. केतकी, माझी सून, तेवढी म्हणाली, “आईंना सोयीचं होईल खरं तर.” मंदारने तिच्याकडे असं पाहिलं, की ती भांडी लावायला उठली.

मग सुनावणीची तारीख जाहीर झाली. कुणीही नागरिकाने यावं आणि तीन मिनिटं बोलावं. मंदार आणि प्रशांत आमच्या स्वयंपाकघरात बसून डावपेच आखू लागले.

“आपण बोललो तर पोटं भरलेले लोक बोलतायत असं वाटेल,” प्रशांत म्हणाला. “पण आई लोक बोलले तर? वयस्कर बायका, साड्या नेसलेल्या. आम्हाला बसची भीती वाटते, एवढंच म्हणायचं. आणि तिथे ज्येष्ठांचं नीट ऐकून घेतात.”

“भारी!” मंदार म्हणाला. “आई, तुझ्याकडे नऊवारी आहे का गं?”

“माझ्या आईकडेसुद्धा नव्हती.”

“बरं, काठापदराची नेस. मी दहा ओळी लिहून देतो, तेवढ्या वाच.”

“आणि विमलताईंना कुठे इंग्रजी येतं?” मी विचारलं.

प्रशांत हसला. “तीच तर गंमत आहे काकू. ती मराठीत बोलेल, मी शेजारी उभा राहून इंग्रजीत सांगेन. माझं भाषांतर आत्ताच तयार आहे. तिने रामरक्षा म्हटली तरी चालेल!”

दोघांनी टाळ्या दिल्या. आपण केवढे चतुर, या आनंदात दोघांनी मिळून माझे अर्धे चिवडा-लाडू संपवले. ज्या बायांना हे उठवतील तेव्हा उठायचं, बसवतील तिथे बसायचं, त्या बोलतीलही हे सांगतील तेच, याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती. आणि खोटं कशाला बोलू, माझ्या बाबतीत ते बरोबरही होते.

“विमलताई नक्की येणार ना?” मी विचारलं.

“येणार म्हणजे काय, त्यांच्याशिवाय कसं?”

“मग मी वाचते.”

सहा आठवडे झाले होते त्यांना भेटून. विमलताई शेजारी बसणार असतील तर मी बसच्याच काय, दुधाच्या विरोधात बोलले असते.

* * *

मंदारने सगळ्यांना निरोप पाठवला होता, ‘बहुसंख्येने उपस्थित राहा.’ आणि लोक खरोखर बहुसंख्येने आले. फॉक्स हॉलोतले, विमलताईंच्या वसाहतीतले, मंडळातले. प्रत्येक जण आपापल्या गाडीत एकटा. नवराबायकोसुद्धा वेगवेगळ्या ऑफिसांतून वेगवेगळ्या गाड्यांनी. नगरसभेसमोरचं आवार कधीच भरलं होतं. आम्ही पोचलो तेव्हा गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत आली होती आणि बसला विरोध करणारे लोक एकमेकांना हॉर्न मारत होते.

मंदार घड्याळ बघत होता. “आई, तू दारात उतर. आत जाऊन बस. मी गाडी लावतो आणि दोन मिनिटांत येतो.”

माझ्या मागच्या गाडीतून प्रशांतने विमलताईंना उतरवलं. त्यांच्या हातात काठी, अंगावर जांभळी इरकल. मला पाहून त्या तिथेच थबकल्या.

“काय हो खटावकरबाई, वाळल्या!”

“तुम्हीच वाळलात.”

आम्ही एकमेकींचा हात धरून आत गेलो आणि पहिल्या रांगेत बसलो. बाहेर आमचे चिरंजीव जागा शोधत गेले. ती त्यांना कुठे मिळाली ते नंतर कळलं: मोठा रस्ता ओलांडून पलीकडच्या मॉलमध्ये. आणि तिथून नगरसभेपर्यंत फूटपाथ नव्हता.

समोर उंचावर सात सभासद बसलेले. मधे अध्यक्षीणबाई, पांढऱ्या केसांची, चष्मा नाकावर. माइकजवळ एक दिवा: हिरवा म्हणजे बोला, पिवळा म्हणजे आवरा, लाल म्हणजे पुरे. मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. आमचा ट्रंक कॉलही तीन मिनिटांचाच असे. रडणारा असो की हसणारा, तीन मिनिटं झाली की आम्ही मधे बोलायचो.

कारकुनाने नावं पुकारायला सुरुवात केली.

“मंदार खटावकर.” कुणी नाही.

“प्रशांत वैरागडे.” कुणी नाही.

“फॉक्स हॉलो बचाव समितीतर्फे कुणीही?”

दाराशी उभा असलेला एक जण म्हणाला, “ते बाहेर पार्किंग शोधतायत.” सभागृहात हशा पिकला. एक सभासद तर चष्मा काढून डोळे पुसायला लागला.

“विमल वैरागडे,” कारकून म्हणाला.

विमलताईंनी माझ्याकडे पाहिलं. “माह्यं नाव घेतलं ना? पण पोट्टा तं आला नाही.”

अध्यक्षीणबाईंनी विचारलं, या बाईंसाठी भाषांतर करणारं कुणी आहे का? मी मागे वळून पाहिलं. आमच्यातले बाकीचे सगळे अजून पार्किंगच्या प्रदक्षिणा घालत होते. मग मी हात वर केला.

आम्ही दोघी माइकपाशी गेलो. विमलताईंनी काठी माझ्याकडे दिली आणि माइकच्या दांड्याला दोन्ही हातांनी धरलं. हिरवा दिवा लागला.

“नमस्कार. मी विमल वैरागडे, नागपूरची,” त्या म्हणाल्या. “पोट्ट्यानं सांगितलं, काहीही बोल, कोणाले समजत नाही. तं बोलतो.”

मी इंग्रजीत सांगितलं. लोक हसले. विमलताईंना ते आवडलं.

“माह्या पोट्ट्याचं घर लय मोठं आहे. इतकं मोठं, का एका खोलीत हाक मारली तं दुसरीत ऐकू येत नाही. तो चांगला आहे, सून चांगली आहे. सकाळी दोघं जातात, दिवस बुडल्यावर येतात. मधात मी न् भिंती. भिंती बी चांगल्या आहेत, उलटून बोलत नाहीत.”

हेही मी सांगितलं. पुन्हा हशा. मला मौज वाटू लागली होती. बाई रंगात आली आहे, आता प्रशांत येईपर्यंत सासूची एखादी गोष्ट सांगेल, असं मला वाटलं.

 विमलताईंनी माझ्याकडे पाहिलं नाही.

“मांगच्या महिन्यात न्हाणीत माह्या पाय सटकला. पडली. ऑपरेशनच्याच गुडघ्यावर. सकाळी पडली, ते दुपारपर्यंत तशीच फरशीवर. फोन बाहेर पलंगावर वाजून राह्यला होता. मले माहीत होतं कोणाचा आहे. या बाईचाच. मीनं म्हटलं, ही काही सोडणार नाही, ही येतेच आता. वाट पाह्यली. ते आली नाही. मंग नळाले धरून उठली.”

भाषांतर करायचं मी विसरले.

डोळा लागला होता, असं सांगितलं होतं मला या बाईने. आणि मी त्यावर विश्वास ठेवून संध्याकाळी खिचडी गरम केली होती. ती ओल्या फरशीवर पडून माझ्या पावलांची वाट बघत होती तेव्हा मी पोलिसाच्या गाडीत पट्टा लावून बसले होते. तिच्याकडे पाठ करून.

“काय म्हणाल्या त्या?” अध्यक्षीणबाईंनी विचारलं.

तेवढ्यात मागचं दार उघडलं. मंदार आणि प्रशांत आत आले. वितळत्या बर्फाचा चिखल दोघांच्याही घोट्यांच्या वरपर्यंत. मंदारच्या एका पायातला बूट नुसता चिखलाचा गोळा झालेला. वरातीमागून घोडी आली, पण कशी आली! हातातला भाषणाचा कागद दोघांनीही सांभाळून कोरडा ठेवला होता.

प्रशांत घाईघाईने पुढे येऊ लागला. त्याला बघून मी क्षणभर घुटमळले. हे सांगायचं का? आईने जे मुलाला सांगितलं नाही ते मी या परक्या सभेला सांगायचं? विमलताईंनीही त्याला पाहिलं. त्या दचकल्या. मग माझं मनगट धरून हळूच म्हणाल्या, “सांगा. आता निघालं आहे तोंडून, तं सांगून टाका.”

मी सांगितलं. शब्दाला शब्द. न्हाणी, फरशी, वाजणारा फोन.  प्रशांत खुर्च्यांच्या मधल्या वाटेवर जिथे होता तिथेच उभा राहिला. त्याच्याजवळ पाठ केलेलं भाषांतर तयार होतं आणि माझं भाषांतर चुकलं असं ओरडून सांगू शकणारी माणसं त्या सभेत दोनच होती, तो आणि मंदार. त्याने हातातला कागद घडी करून खिशात घातला.

पिवळा दिवा लागला. विमलताईंना त्याचा अर्थ ठाऊक नव्हता, पण त्या आवरतंच घेत होत्या.

“पोट्ट्याले सांगितलं नाही, कारण तो स्वतःले खात बसला असता. मले बसमधलं काही समजत नाही. इतकंच समजते, का मी पडली, माह्याकडे येणारी बाई निघाली, अन् पोलिसानं तिले परत नेलं. हे काही बरोबर नाही बाप्पा.”

मी शेवटचं वाक्यही सांगितलं, ‘बाप्पा’ सोडून. लाल दिवा लागला.

पुढचं नाव माझंच होतं. मंदारने लिहून दिलेला कागद माझ्या पर्समध्ये होता. मी पर्स उघडलीच नाही. माइकपाशी तशीच उभी होते, तशीच बोलले.

“ती येणारी बाई मी,” मी इंग्रजीत म्हटलं. “मला तिच्याकडे पोचायचं आहे. माझं एवढंच म्हणणं आहे.”

दिवा हिरवाच होता, पण मला आणखी काही बोलायचं नव्हतं.

मंदारने अध्यक्षीणबाईंना विनंती केली, की आम्हाला उशीर झाला, पार्किंग मिळालं नाही, आता बोलू द्यावं. बाई चष्म्यावरून त्याच्या बुटांकडे बघत राहिल्या.

“मिस्टर खटावकर,” त्या म्हणाल्या, “तुमची अडचण मला समजते. आजचा विषयच तो आहे.”

मतदान झालं. बस एका मताने मंजूर झाली, तीही आधी सहा महिने चालवून बघायच्या बोलीवर.

बाहेर पडताना प्रशांत आईचा दंड धरून चालला होता. “आई, मले काऊन नाही सांगितलं?” तो विचारत होता. इतकी वर्षं इंग्रजीत काढलेला मुलगा नागपूरच्या भाषेवर आला होता.

“आता सांगितलं ना,” विमलताई म्हणाल्या.

* * *

मंदारच्या गाडीपर्यंत आम्हाला त्याच चिखलातून जावं लागलं. गाडीत बसल्यावर त्याने ती चालू केली, पण हलवली नाही.  मग म्हणाला, “त्या दिवशी तू विमलकाकूंकडे निघाली होतीस?”

“हो.”

“मला सांगायचंस ना.”

“निघायच्या आधी तुला फोन केला होता. तू उचलला नाहीस, मग यंत्रावर निरोप ठेवला.”

त्याने फोन काढला आणि शोधू लागला. सापडला. तो निरोप अजून कुणी ऐकला नाही अशी खूण त्याच्यावर होती. त्याने बोट लावलं आणि माझा आवाज गाडीच्या सगळ्या बाजूंनी आला, दारातून, पाठीमागून, पायाशी. त्या गाडीचे स्पीकर फार भारी होते, घेतली तेव्हा त्याने मला सांगितलं होतं. ‘मंदार, आई बोलते आहे. विमलताई सकाळपासून फोन उचलत नाहीत. प्रशांतला कळव. तुम्ही दोघं कामात असाल, म्हणून मी चालत निघते आहे. काळजी करू नकोस.’

मंदारने मान खाली घातली. मला त्याची दया आली आणि रागही आला. दोन्ही खरं आहे. माझा मुलगा वाईट नव्हता. आईला गाडीतून नेतो म्हणजे आपण आईसाठी आहोत, असा त्याचा प्रामाणिक समज होता.

“मी ऐकला नाही गं,” तो म्हणाला.

“माहीत आहे,” मी म्हटलं. “चल आता, भूक लागली आहे.”

 दुसऱ्या दिवशी समिती बरखास्त झाली. पण मंदार शेवटी मंदार. दिवाळीला मंडळाची स्मरणिका निघाली तेव्हा त्यात त्याने लेख लिहिला, की फॉक्स हॉलोतल्या बसच्या प्रश्नावर मराठी समाजाने किती मोलाची जनजागृती केली. खाली स्वतःचा फोटो. बसमधला नाही, स्वित्झर्लंडमधला.

प्रशांतने आपल्या परीने प्रायश्चित्त घेतलं. त्याने घरभर कॅमेरे बसवले. दिवाणखान्यात, स्वयंपाकघरात, जिन्यात. ऑफिसात बसून आई दिसावी म्हणून. आईच्या गळ्यात दाबायचं एक बटणही अडकवलं. विमलताई मला फोनवर म्हणाल्या, “आता भिंतीले डोळे बी आले.” आईपाशी जायचं सोडून माणसं काय काय करतील त्याला अंत नाही.

बस ऑगस्टमध्ये सुरू झाली. पहिल्या दिवशी मी विमलताईंना फोन केला, की उद्या येते तुमच्याकडे, तुमच्या दाराशी कुठे उतरायचं ते नीट सांगा. फोन वाजत राहिला. त्यांनी उचलला नाही. पुन्हा लावला. पुन्हा तेच.  मी चपला शोधायला लागले, पर्स कुठे ठेवली ते आठवेना, आणि तेवढ्यात दारावरची घंटा वाजली.

दार उघडलं तर समोर विमलताई. एका हातात काठी, दुसऱ्या हातात स्टीलचा डबा, कपाळावर घाम. मागे रस्त्यावर कुणाचीच गाडी नव्हती.

“अहो, कुणी आणलं तुम्हाला?” मी ओरडलेच.

“कोण आणते? मीनंच आणलं मले,” विमलताई म्हणाल्या आणि मला बाजूला सारून आत आल्या.

मी चहा टाकला. डब्यात त्यांनी नागपुरी गोळाभात आणला होता. खुर्चीवर पाय पसरून त्या बसमधलं सांगत होत्या, ड्रायव्हर बाई आहे म्हणे, अन् कशी हसते. एवढ्यात माझा फोन वाजला. प्रशांत होता. श्वास लागल्यासारखा बोलत होता.

“काकू, आई कुठल्याच कॅमेऱ्यात दिसत नाहीये! फोन घरातच वाजतोय! मी ऑफिसातून निघालोय, पण पुलावर ट्रॅफिक आहे, गाडी हलत नाही. तुम्हाला काही माहीत आहे का?”

मी फोनवर हात ठेवून विमलताईंना सांगितलं. त्यांनी बशीतला चहा फुंकला, एक घोट घेतला आणि म्हणाल्या, “सांगा त्याले, आई बाहेर गेली आहे. जेवून येईन म्हणते.”